खालच्या कप्प्याची जागा

रंगाऱ्याने हात वर केला तो डावा. तेवढी अक्कल त्या घाईतही त्याला सुचली.

तळ्याकाठच्या शेडमध्ये होडीवाल्यांची वार्षिक सभा चालली होती. सभा म्हणजे पंचवीस-तीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल आणि टेबलामागे सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आता समितीच्या सचिव होत्या, पण त्यांना सगळे सिस्टरच म्हणत आणि त्याही सभासदांकडे वॉर्डातल्या पेशंटकडे बघावं तशाच बघत. तळं साऱ्या वस्तीचं, पण काठावर होड्या ठेवायला जागा मोजकीच. एकावर एक तीन कप्प्यांची लाकडी मांडणी होती. वरच्या कप्प्यात होडी ठेवायची तर स्टुलावर उभं राहून ती डोक्याच्या वर उचलावी लागायची. खालच्या कप्प्यातली होडी मात्र नुसती ओढली की पाण्यात. म्हणून खालच्या कप्प्याचा नियम होता: साठी ओलांडलेल्यांना आणि शरीराचा काही त्रास असलेल्यांना तो आधी मिळेल. दाखला-बिखला काही नको, सभासदाचा शब्द पुरेसा. त्यातून जागा उरली तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ती राहील.

यंदा अशी उरलेली जागा एकच होती, आणि ती घड्याळकाकांकडे होती.

"कुणाचा काही नवीन त्रास?" सिस्टरनी चष्म्यावरून पाहत विचारलं. "नसेल तर आहे तसंच पुढे चालू."

तेव्हा रंगाऱ्याचा हात वर गेला.

"बोला पेंटर."

"खांदा," तो म्हणाला. "उजवा. वरच जात नाही."

शेडमध्ये चुकचुकाट झाला. बेकरीवाला मागून म्हणाला, "अरेरे, पेंटरचाच खांदा! न्हाव्याची बोटं गेल्यासारखंच झालं की हे." कुणी हसलं नाही. सिस्टरनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि घड्याळकाकांकडे पाहिलं.

"काका, मग तुमची होडी पेंटरच्या जागी. वरच्या कप्प्यात. चालेल?"

घड्याळकाकांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना साठ व्हायला अजून वर्ष होतं. चालताना ते एक पाय किंचित ओढत, पण त्यावर कधी बोलत नसत. ते म्हणाले, "न चालायला काय झालं? त्याचं पोट त्या हातावर आहे." आणि वळून रंगाऱ्याला म्हणाले, "जप हो, बाबा."

रंगाऱ्याने मान हलवली. मग ती खालीच घातली, आणि लोकांना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं.

खरं तर त्याच्या खांद्याला काहीएक झालं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की दर वर्षी हौसेने रंगाचे हात मारून मारून त्याची होडी जड झाली होती, आणि गेल्या हंगामात एकदा ती वरून उतरवताना निसटून धाडकन खाली आली होती. काठावरची सगळी माणसं हसली होती. बायको तेव्हापासून होडीला हात लावायला तयार नव्हती. सभेला जाताना खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलेलं नव्हतं. सिस्टरनी विचारलं, क्षणभर कुणी बोललं नाही, आणि त्या रिकाम्या क्षणात हात वर गेला. जागा कुणाची जाणार हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. पण ते त्याच्या लक्षात आलं होतं.

पहिल्या रविवारी तो तळ्यावर गेला तर बेकरीवाला आणि बसड्रायव्हर त्याच्या होडीपाशी उभे.

"तू हात नको लावूस," बसड्रायव्हर म्हणाला. "आम्ही नेतो पाण्यापर्यंत. दर रविवारी. ठरलंय आमचं."

"अहो, खालचाच तर कप्पा आहे. ओढली की झालं."

"ओढायलाही खांदा लागतोच की. गप बस."

दोघांनी होडी अलगद उचलून पाण्यात ठेवली, त्याला हाताला धरून बसवलं, आणि वल्ही त्याच्या मांडीवर ठेवली. आता वल्हवायचं कसं? उजवा हात पोटाशी धरून डाव्या हाताने त्याने दोन-चार फटके मारले. होडी गरागरा गोल फिरली. काठावर दोघं काळजीने बघत उभे. तो तसाच गोल गोल फिरत वेताच्या झुडपांआड गेला, आणि तिथे गेल्यावर दोन्ही हातांनी वल्हवू लागला. चोरून वल्हवणारा माणूस त्या तळ्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

मग त्याला कामाचीही पंचाईत झाली. रंगाऱ्याचा निम्मा धंदा छतांचा. तो आता गावाच्या दुसऱ्या टोकाचीच कामं घेऊ लागला, आणि तिथेही खिडक्या लावून छताला हात मारू लागला. ओळखीच्या गल्लीतून जाताना बादली डाव्या हातात. एकदा बेकरीवाल्याने हाक मारली तेव्हा बादली नेमकी उजव्या हातात होती. त्याने ती चटकन खाली ठेवली, ती कलंडली, आणि पांढरा रंग रस्ताभर झाला. बेकरीवाला धावत आला आणि गोणपाट आणून स्वतः रस्ता पुसू लागला. "कशाला उचलतोस रे?" तो वाकून पुसत म्हणत होता. "हाक मारायची ना मला." रंगारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि आपल्याच दोन्ही हातांकडे बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते कसं असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कळलं ते भाजीबाजारात. घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली, पण भाजी काढली नाही.

"सिस्टर भेटल्या होत्या," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"विचारत होत्या, खांदा कसा आहे म्हणून. शेकता का म्हणे रोज. भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा व्यायाम करतात का म्हणे. मला भर बाजारात करून दाखवला त्यांनी. खांबावर."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हो म्हणाले. शेकतात म्हणाले." तिने पदराने कपाळ पुसलं. "काल तुम्ही कपाट एकट्याने सरकवलंत ना? ते डोळ्यांसमोर होतं माझ्या, आणि मी म्हणत होते, रात्री फार ठणकतो हो त्यांना. आपोआप आलं तोंडातून. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, तुम्हीही स्वतःला जपा."

तो पिशवीतली भाजी काढू लागला.

"तुम्ही खोटं बोललात ते तुमचं तुम्ही बघा. पण मला का बोलायला लावलंत?"

त्या दिवसापासून तिने तो बाजार सोडला. लांबच्या बाजारात जाऊ लागली. तळ्यावर तर ती मुळीच फिरकेना.

इकडे रंगाऱ्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात येत होती. घड्याळकाकांची होडी वरच्या कप्प्यातून खालीच येत नव्हती. पूर्वी काका दुकान उघडण्याआधी रोज पहाटे तळ्यावर एक चक्कर मारून यायचे. आता त्यांची निळी होडी वरच पालथी होती, तिच्या पोटावर पाखरांची शीट पडलेली. बसड्रायव्हरने एकदा काकांना म्हटलंही, "उतरवून देऊ का?" तर म्हणाले, "नको रे, हल्ली दुकानात फार काम असतं." रंगाऱ्याने ते ऐकलं. दुकानावरून तो रोज जात होता. काउंटरमागे काका हातावर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसलेले असायचे.

आणि मग एक दिवस काकांनीच त्याला हाक मारली.

"काकू लेकीकडे गेल्यात," ते म्हणाले. "त्या यायच्या आत बाहेरची खोली रंगवून टाकू म्हणतो. जमेल तुला?"

काकांना नाही कसं म्हणायचं, हे त्याला कळेना.

खोली लहानशी होती. घड्याळवाल्याच्या घरात भिंतीभर घड्याळं असतील असं त्याला वाटलं होतं, पण तिथे एकही नव्हतं. काका म्हणाले, "दिवसभर तेच ऐकतो. घरी कशाला?" खुर्च्या त्यांनी आधीच मधोमध ओढून त्यावर चादर टाकून ठेवली होती. छताच्या एका कोपऱ्यात ओल येऊन पोपडे सुटले होते आणि पिवळा डाग पसरला होता.

"छत राहू दे," काका म्हणाले. "फक्त भिंती कर. त्याही छातीपर्यंतच. वरचं राहिलं तरी काही बिघडत नाही."

"असं कसं, काका? खाली नवी, वर जुनी?"

"अरे, कोण बघायला येतंय?" मग जरा घुटमळून ते म्हणाले, "खरं सांगू? रंग काढायची तशी घाई नव्हती. पण म्हटलं, तुझी छताची कामं गेली असतील. कुणी बोलवतं की नाही, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांना मध्ये असंच झालं होतं, स्क्रूच दिसेनात. सहा महिने घरी बसलो. तेव्हाचे दिवस मला माहीत आहेत."

रंगारी भिंत घासायला लागला. भिंतीकडे तोंड होतं, ते बरं होतं.

दोन दिवस तो छातीपर्यंतच्या भिंती करत राहिला. काका दुकान लवकर बंद करून येत, चहा टाकत आणि शिडी धरून उभे राहत. शिडीवर तो दुसऱ्या पायरीच्या वर चढतच नव्हता, तरी ते धरत. त्यांच्या ओढत्या पायाचा दुखरा गुडघा मधूनच थरथरायचा, की ते हळूच पाय बदलायचे. तो न पाहिल्यासारखं करायचा.

तिसऱ्या दिवशी तो मागच्या नळावर ब्रश धुवायला गेला. परत येतो तर काका शिडीवर. अगदी वरच्या पायरीवर. एका हाताने छताला आधार दिलेला, दुसऱ्या हातातल्या लोखंडी पट्टीने पोपडे खरवडणं चाललेलं. चुन्याचा चुरा त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर पडत होता. दुखरा गुडघा इतका लटपटत होता की शिडीच फरशीवर टकटक वाजत होती.

"काका, उतरा!"

"अरे, थोडंच आहे. तुझा हात वर व्हायचा नाही. तू खालून सांग, मी करतो."

"उतरा म्हणतो ना."

त्याने जाऊन त्यांना कमरेला धरून खाली घेतलं. काका अगदी हलके होते. त्यांना चादर टाकलेल्या खुर्चीवर बसवलं आणि काही न बोलता तो शिडीवर चढला. दोन्ही हात वर केले आणि त्याच पट्टीने छत खरवडू लागला. कोपरा झाला, मग शेजारचा भाग. मग खाली उतरून त्याने पुट्टी घेतली, पुन्हा चढला. मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्यावर धरून तो पुट्टी ओढत होता. इतक्या दिवसांत ओळखीच्या माणसासमोर त्याने पहिल्यांदाच असे हात वर केले होते.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "बराच बरा झालेला दिसतोय खांदा."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. 'हो ना, काका, कालपासूनच जरा आराम आहे,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. तो शिडीवरून खाली उतरला. तोंडभर चुना, आणि डोळे चुरचुरत होते.

"काका, तो कधी दुखतच नव्हता."

काकांना आधी उमगलं नाही. "म्हणजे?"

"सभेत मी खोटं बोललो. जागेसाठी."

काकांनी एक हात गुडघ्यावर ठेवला. ते रागावतील, ओरडतील, चालता हो म्हणतील, असं रंगाऱ्याला वाटलं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले, बिघाड कुठे आहे ते न सापडलेल्या घड्याळाकडे बघावं तसे.

"मी घरी येऊन काकूंना म्हटलं होतं," ते अखेर म्हणाले, "जागा गेली त्याचं काही वाटत नाही, पण पोराचं कसं होणार? त्या देवापुढे बसल्या होत्या तुझ्यासाठी." मग ते उठले. "छत पुरं कर. अर्धं ठेवू नकोस."

आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. तो छत पुरं करेपर्यंत आत आले नाहीत. चहाही टाकला नाही. त्याने छताला दोन हात मारले, फरशी पुसली, खुर्च्या जागेवर लावल्या. निघताना पायरीवर काका अंग चोरून बसले, त्याला जायला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी तो सिस्टरकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांसमोर सांगा."

शेडमध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या. रंगाऱ्याने उभं राहून सांगितलं. मान वर करायची त्याची छाती झाली नाही, त्यामुळे त्याला फक्त माणसांच्या चपला दिसत होत्या. सांगून झाल्यावर बेकरीवाला फसकन हसला, पण लगेच थांबला.

"रविवारी मी रातपाळी करून थेट यायचो," बसड्रायव्हर म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. "पोरं घरी वाट बघत असायची. मी म्हणायचो, थांबा रे, एका माणसाला गरज आहे."

"बसून घ्या," सिस्टर म्हणाल्या. पण तो उभाच राहिला. त्यांनी चष्मा काढला. "मी सगळा जन्म वॉर्डात काढला, पेंटर. खांद्याला नुसता हात लावला असता तरी मला कळलं असतं. पण लावायचा कशाला? तुम्ही म्हणालात ना, दुखतो."

याला नियमात काही शिक्षा नव्हती. असं काही होईल असं नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. शेवटी ठरलं, की रंगाऱ्याने खालची जागा सोडायची आणि ती पुन्हा घड्याळकाकांना द्यायची.

काका कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "मला नको."

"काका, तुमचीच आहे ती."

"माझी साठी पुढच्या वर्षी भरते. तेव्हा नियमाने घेईन. ही नको."

मग सिस्टरनी ती जागा मधल्या कप्प्यातल्यांना विचारली, वरच्यांना विचारली. कुणीच हात वर केला नाही. त्या हंगामात खालच्या कप्प्यातली ती एक जागा रिकामीच राहिली. पाण्याकडे जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जायचा.

रंगाऱ्याच्या वरच्या जागी आता काकांची होडी होती, म्हणून त्याने आपली होडी हातगाडीवर घालून घरी आणली आणि दारासमोर विटांवर पालथी घातली. येणारे-जाणारे विचारायचे, "होडी घरी कशी?" पहिल्या काही जणांना त्याने खरं सांगितलं. मग विचारायचं बंद झालं. सगळ्यांना कळलं होतं.

महिनाभराने सिस्टर त्याच्या दारी आल्या. घरात आल्या नाहीत.

"फाटकावरच्या नियमांच्या बोर्डावरची एक ओळ पुसायची आहे," त्या म्हणाल्या. "बोर्ड तुम्हीच लिहिलेला आहे, तेव्हा तुम्हीच करा. पांढरा रंग तोच लागेल."

कुठली ओळ ते त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी तो जायला निघाला, पण फाटकापाशी आधीच दोघं-तिघं होते. त्यांच्यासमोरच त्याने स्टूल ठेवलं. 'सभासदाचा शब्द पुरेसा आहे.' ठसठशीत काळं अक्षर, त्याचंच. त्याने वर पांढरा हात मारला. वाळल्यावर अक्षरं खालून दिसायला लागली. दुसरा हात मारला, तरी फिकट दिसत होती. तिसऱ्या हाताला ती गेली, पण तेवढी पट्टी बाकीच्या बोर्डापेक्षा पांढरी झाली, तिथे काहीतरी होतं हे आंधळ्यालाही कळावं अशी. त्याखाली सिस्टरनी सांगितलेलं त्याने लिहिलं: 'डॉक्टरांचा दाखला आवश्यक.' खालच्या कप्प्यातल्या एक आजी मागून म्हणाल्या, "म्हणजे आता मला या पायांनी दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागणार?" त्या त्याला उद्देशून बोलल्या नव्हत्या. त्याने ब्रश धुतला आणि घरी आला.

थंडी पडायच्या आत काठ मोकळा करायचा असे. त्या दिवशी सगळ्या सभासदांनी यायचं, एकमेकांच्या होड्या गाडीवर चढवायच्या. रंगाऱ्याची होडी तिथे नव्हती, पण सभासदत्व होतं. जावं की न जावं, याची त्याच्या मनात सकाळभर घालमेल चालली. बायको म्हणाली, "जा. नाही गेलात तर तेही दिसेल."

तो गेला आणि शेडच्या खांबापाशी उभा राहिला. कुणी त्याला टाळलं नाही, कुणी बोलावलंही नाही. बेकरीवाल्याने लांबून मान हलवली. बसड्रायव्हर दुसऱ्याच होडीला खांदा लावत होता. चार जणांनी मिळून घड्याळकाकांची निळी होडी वरच्या कप्प्यातून उतरवली आणि खाली ठेवून पुढच्या होडीकडे गेले. काका तिच्यापाशी एकटेच उरले. त्यांनी मागचं टोक धरून पाहिलं, सोडलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास?" ते म्हणाले. "पुढचं टोक धर."

रंगारी आजूबाजूला पाहू लागला. आपल्यालाच म्हणाले का, याची त्याला खात्री नव्हती.

"तुलाच म्हणतोय."

त्याने जाऊन पुढचं टोक उचललं. हातगाडी फाटकाबाहेर होती. वाट चढ-उताराची, दगडगोट्यांची. तो पुढे आणि काका मागे, असे ते चालत राहिले. काकांचा पाय ओढत येत असलेला त्याला ऐकू येत होता, म्हणून त्याने आपली चाल अगदी हळू केली. सबंध वाटेत काका एकच वाक्य बोलले. गाडीवर होडी चढवल्यावर त्यांनी दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि गाडी ढकलत निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती.

"बोलले काही?"

"हो. वाटेत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सावकाश, इथे उतार आहे."

तिचे हात थांबले. "एवढंच?"

"एवढंच."

तिने नळ सोडला, भांडं विसळलं, आणि ते पुसायला त्याच्या हातात दिलं.